चांगला भाव तळघरात

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सामानाचा पट्टा फिरायला लागला की मराठी ग्रुपात दोन तट पडतात. एक तट बॅगा ओळखण्यात गुंततो, कारण प्रत्येकाची बॅग काळी आणि प्रत्येकाच्या हँडलला लाल रिबन. दुसरा तट माना वर करून भिंतीवरचे चमकते आकडे वाचत उभा राहतो. रात्रीचं विमान, डोळ्याला डोळा नाही, घड्याळ दीड तास पुढे करायचं असतं हे निम्म्यांच्या गावी नाही. पण डॉलरला बाट किती, हे सगळ्यांना आत्ता, उभ्या उभ्या हवं असतं. कुणीतरी धीर करून पाकिटाला हात घालतो आणि मागून आवाज येतो, "अहो, इथे नका बदलू!"

हे वाक्य म्हणणारा माणूस प्रत्येक ग्रुपात असतो. विमान कंपनीच तो ब्लँकेटबरोबर पुरवत असावी. त्याचा भाचा मागच्या दिवाळीत येऊन गेलेला असतो आणि भाच्याने बजावलेलं असतं. काय बजावलं, ते त्याला अर्धंच आठवतं. इथे बदलायचं नाही हे पक्कं. मग कुठे? "ते बघू की पुढे."

वास्तविक भाचा बरोबर असतो. सुवर्णभूमीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे प्रवासी बाहेर पडतात, तिथे बँकांच्या खिडक्या ओळीने मांडलेल्या आहेत. खिडकीत नीटनेटकी मुलगी, डोक्यावर पाटी, पाटीवर देशोदेशीचे झेंडे आणि झेंड्यापुढे आकडे. सगळ्यांचा भाव जवळपास एकच, आणि तो एकजात वाईट. तरी आपला माणूस पहिल्या खिडकीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत चालत जातो आणि परत येतो. मंडईत शेवटच्या गाळ्यापर्यंत मेथीचा भाव विचारून पहिल्या गाळ्यावर परत यायची सवय विमानात बसल्याने जात नाही. फरक इतकाच की मंडईत "काय लावणार शेवटचा?" असं विचारता येतं. इथली मुलगी हसते, हात जोडते आणि पाटीकडे बोट दाखवते.

पाटीवर पुन्हा दोन रकाने. एक त्यांनी विकत घ्यायचा भाव, एक त्यांनी विकायचा. आपण डॉलर देणार म्हणजे ते घेणार, म्हणून घेण्याचा रकाना वाचायचा. हे एवढं साधं गणित, पण पहाटेच्या वेळी भल्याभल्यांचं चुकतं. जास्त आकड्याचा रकाना पाहून "अरे, हा तर मस्त देतोय!" म्हणत माणूस पुढे सरसावतो आणि हातात कमी आकड्याचे बाट पडले की खिडकीतल्या मुलीकडे संशयाने बघतो. त्या दोन रकान्यांमधली फट हाच त्यांचा धंदा. 'कमिशन नाही' अशी पाटी खाली लावलेली असते, ती खरीच असते. कमिशन कशाला घेतील? फटीतून हवं तेवढं येतंय की.

या सगळ्याची तयारी घरून, महिनाभर आधी सुरू झालेली असते. थायलंडला जायचंय असं सोसायटीत कळलं रे कळलं की सल्लागार मंडळ आपोआप भरतं. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणतात, डॉलर इथूनच न्या, शंभर-शंभरच्या नोटा, पावतीसकट. आयटीतला पुतण्या म्हणतो, काका, कार्ड घ्या, कॅश कोण नेतं आता? तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, जे पटायाला कंपनीच्या डीलर मीटला गेले होते आणि त्याबद्दल एरवी फारसं बोलत नाहीत, ते कानाशी येऊन सांगतात की रुपयेच न्या, तिकडे सगळे घेतात. आणि प्रत्येकाचा एक 'ओळखीचा माणूस' असतो. दादरला, फोर्टात, पुण्यात कॅम्पात. "माझं नाव सांगा, भाव देईल." नाव सांगितल्यावर तो माणूस नम्रपणे विचारतो, "कोण?"

काकांचं ऐकावं, असं माझं स्वच्छ मत आहे. पण त्यासाठी आधी काकांचं सगळं ऐकून घ्यावं लागतं. एकेकाळी, साठ-सत्तरच्या दशकात, परदेशी शिकायला निघालेल्या पोराच्या हातात सरकार आठ डॉलर टेकवायचं. आठ! तेवढ्यात त्याने न्यूयॉर्कला उतरायचं आणि पुढचं देवावर सोडायचं. पुढे १९९१ साली परकीय चलनाचा असा खडखडाट झाला की रिझर्व्ह बँकेला ४७ टन सोनं विमानाने बाहेर पाठवून गहाण टाकावं लागलं. आणि आज? २००४ साली एका माणसाला वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची किंवा पाठवण्याची मुभा मिळाली, ती वाढत वाढत अडीच लाख डॉलरवर गेली. त्यातले रोख नोटांत एका प्रवासाला तीन हजार, बाकीचे कार्डावर. इथवर आल्यावर काका चहाचा घोट घेतात आणि विचारतात, "तुम्ही किती नेणार?" आपण म्हणतो, तीनशे. काकांचा चेहरा पडतो. देशाने एवढ्यासाठी सोनं गहाण ठेवलं होतं का, असा तो चेहरा असतो.

तीनशे डॉलर घ्यायला गेलं की पावतीवर जीएसटी दिसतो. लाखाच्या आतल्या व्यवहारात रकमेचा एक टक्का ही सेवेची किंमत धरायची आणि त्यावर १८ टक्के कर. एक टक्का कितीही कमी भरला तरी किंमत २५० रुपयांच्या खाली धरत नाहीत. म्हणजे कमीत कमी ४५ रुपये कर. या ४५ रुपयांवरून दुकानात जो वाद होतो तो ऐकण्यासारखा असतो. ज्या माणसाने विमानात पाय पसरायची सीट मिळावी म्हणून दीड हजार निमूट भरलेत, तोच इथे पंचेचाळीस रुपयांसाठी अर्थमंत्र्यांपर्यंत जायची भाषा करतो.

रुपयेच न्यावेत म्हणणाऱ्यांचंही थोडं ऐकू या. जाताना माणशी पंचवीस हजारांपर्यंत रुपये नेता येतात, बँकॉकमध्ये ते बदलूनही मिळतात. पण भाव बघितला की आपल्या गांधीजींबद्दल वाईट वाटतं. थायलंडमधल्या माणसाला रुपयांचं करायचंय काय? तो ते भारतात येणाऱ्या पुढच्या माणसाला विकणार, तो माणूस मिळेपर्यंत सांभाळणार, म्हणून दोन रकान्यांतली फट रुपयाच्या ओळीत चांगली रुंद असते. डॉलरसाठी दोनदा बदलाबदली होते, तरी पुष्कळदा तेच परवडतं. हे तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना पटत नाही. ते म्हणतात, पटायाला रुपयांत काम झालं होतं. काय काम, हे विचारायची आपली प्राज्ञा नाही.

तर सुवर्णभूमी. भाच्याच्या निरोपाचा उरलेला अर्धा भाग असा, की सरळ तळघरात जायचं. त्या विमानतळाच्या सगळ्यात खाली, 'बी' मजल्यावर, शहरात जाणाऱ्या रेल्वेचं स्टेशन आहे, आणि स्टेशनच्या अलीकडे चलन बदलणाऱ्यांच्या छोट्या छोट्या टपऱ्या. बँका नव्हेत, या कामातले खास दुकानदार. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव 'सुपररिच'. पन्नास बाट वाचावेत म्हणून ट्रॉली, सासूबाई आणि खाऊची पिशवी घेऊन माणसं ज्या रांगेत उभी असतात, तिच्या डोक्यावर ही पाटी असते. त्यातही हिरवा सुपररिच वेगळा, नारिंगी वेगळा. दोन स्वतंत्र कंपन्या आहेत. हे कळल्यावर ग्रुपात पुन्हा फूट. हिरव्याच्या रांगेतला नारिंगीच्या रांगेतल्याला लांबूनच बोटांनी आकडा विचारतो, आणि नारिंगीतला मुद्दाम मोबाइलमध्ये बघतो.

रांग सरकत खिडकीशी येते. खरी गंमत इथे.

एक मावशी पुढे होतात. पैसे पर्समध्ये नसतात, पर्स चोरांसाठी असते. पैसे असतात चोरखिशात, आणि चोरखिसा परकराला आतून शिवलेला, वर दोन सेफ्टी पिना. मावशी वळून भिंतीकडे तोंड करतात, दोन मैत्रिणी ओढण्यांचा आडोसा धरतात. एक पिन निघते, दुसरी निघत नाही. मागे एक जर्मन जोडपं सभ्यपणे छताकडे बघत असतं. अखेर प्लॅस्टिकच्या दुधाच्या पिशवीत गुंडाळलेल्या, चार घड्या घातलेल्या नोटा बाहेर येतात. कोमट. खिडकीतली मुलगी एकेक नोट उलगडते, बोटाने घडी सपाट करते, उजेडाला धरते, यंत्रात घालते. तिसऱ्या नोटेवर थांबते. नोटेच्या कोपऱ्यात निळ्या शाईने बारीक '१७' लिहिलेलं. आपल्याकडे कुणीतरी गड्डी मोजताना लिहिलं असणार. आपल्या नोटेवर फोन नंबर, बेरजा आणि प्रेमाच्या कबुल्याही चालतात. इथे चालत नाही. मुलगी नोट अदबीने, दोन्ही हातांनी परत करते. मावशी म्हणतात, "अगं, खरी आहे बाई!" हे मराठीतच म्हणतात. मुलगी पुन्हा हसते. हसण्याला नाही म्हणता येत नाही आणि नोट तर परत आलेली असते.

डॉलरच्या बाबतीत ही मंडळी फार सोवळी आहेत. फाटलेली, शाई लागलेली, शिक्का मारलेली नोट नको. शंभरच्या नोटेवर बेंजामिन फ्रँकलिनचा चेहरा लहान गोलात असेल, म्हणजे नोट १९९६च्या आधीच्या घडणीची असेल, तर भाव पाडून मागतात किंवा घेतच नाहीत. पुन्हा सगळे डॉलर सारखे नाहीत: शंभर-पन्नासच्या नोटेला वरचा भाव, वीस-दहा-पाचच्या नोटांना त्याखालचा, एकेकच्या नोटांना त्याहून खालचा. त्यामुळे "सुटे बरे पडतात" म्हणून हौसेने दहादहाच्या नोटा आणलेल्या माणसाला इथे कळतं की सुट्यांचं कौतुक पीएमपीच्या कंडक्टरला. मनी चेंजरला नाही.

मग पासपोर्ट. मूळ पासपोर्ट लागतो. आपल्याकडे फाइल असते, फाइलमध्ये पासपोर्टच्या तीन झेरॉक्स, आधारकार्डाची झेरॉक्स, शिवाय लग्नाचा दाखला. मूळ पासपोर्ट सगळ्यांचे मिळून एका जबाबदार माणसाकडे दिलेले असतात, हरवू नयेत म्हणून. तो जबाबदार माणूस या वेळी दोन मजले वर सिमकार्डाच्या रांगेत उभा असतो.

कार्डवाला पुतण्या या सगळ्याकडे करुणेने बघत एटीएमकडे जातो. त्याचीही कहाणी ऐकण्यासारखी आहे. थायलंडमधलं एटीएम परदेशी कार्डाला दर खेपेला २२० बाट फी लावतं, काही बँकांत त्याहून जास्त. हजार बाट काढा नाहीतर वीस हजार काढा, फी तीच. जपून खर्च करायचा म्हणून हा रोज थोडे थोडे काढतो, आणि जपण्याचीच फी भरत राहतो. त्यावर यंत्र शेवटी फार आपुलकीने विचारतं, की हिशोब तुमच्या रुपयांत करून दाखवू का? आपलं माणूस कुणीतरी भेटलं असं वाटून तो 'हो' दाबतो. तिथेच गोची. रुपयांत दाखवणं म्हणजे यंत्राने स्वतःच्या मनाचा भाव लावणं. 'नको' दाबायचं असतं, बाटमध्येच हिशोब ठेवायचा असतो. साधं क्रेडिट कार्ड असेल तर आपली बँकही मागाहून साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावते, पण ते घरी आल्यावर, पुढच्या महिन्याच्या बिलात. तोवर सहल गोड झालेली असते.

आता आकडेमोड करून टाकू, म्हणजे भांडण मिटेल. समजा, वरच्या मजल्यावर डॉलरला ३१ बाट मिळतात आणि तळघरात साडेबत्तीस. तीनशे डॉलरमागे साडेचारशे बाटांचा फरक पडला. बाट अडीच रुपयांचा धरला तरी हजारावर रुपये झाले, आणि त्यासाठी करायचं काय, तर लिफ्टमध्ये उभं राहायचं. हे केलंच पाहिजे. न करणारा माणूस एक तर टूर कंपनीचा मालक किंवा खरोखर सुपररिच.

पण मराठी माणूस तळघरात थांबत नाही. त्याला कळतं की शहरात, राजदमरी रस्त्यावर, सुपररिचची मुख्य दुकानं आहेत आणि तिथे भाव आणखी बरा. किती बरा? समजा, डॉलरला दहा सतांग. शंभर सतांगांचा एक बाट; म्हणजे तीनशे डॉलरमागे तीस बाट, पंचाहत्तर रुपये. तिथे पोचायला विमानतळावरून फाया थाईपर्यंत रेल्वेचं तिकीट ४५ बाट, पुढे दुसरी गाडी किंवा टॅक्सी. शिवाय हातात बाट नसताना हे तिकीट काढायचं कशाने? म्हणून तो तळघरात दहा डॉलर बदलतो, तेही छोट्या नोटेच्या पडक्या भावाने, आणि उरलेल्या दोनशे नव्वदांसाठी भर उन्हात प्रतुनामच्या गर्दीतून वाट काढत निघतो. बरोबर बायको असते. ती बोलत नसते. ते न बोलणं कुठल्या भावाने बदलायचं, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

तिथून विजयी होऊन परतल्यावर तो जो आनंद सांगतो, तो पंचाहत्तर रुपयांचा नसतो. "आपल्याला कुणी फसवलं नाही" हा तो आनंद असतो, आणि आपल्या मध्यमवर्गात त्याला सोन्याच्या वर भाव आहे. फसलो नाही याची खात्री पटावी म्हणून माणूस वाटेल तेवढे पैसे घालवायला तयार असतो. संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत सगळे एकमेकांना भाव विचारतात. ज्याला सगळ्यात कमी मिळाला तो "मी नीट बघितलंच नाही" असं म्हणतो. ज्याला सगळ्यात जास्त मिळाला तो पावती दाखवतो.

एक गोष्ट मात्र या भावशोधकांना कुणी सांगत नाही. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने बाटची डॉलरशी बांधलेली गाठ सोडली. तोवर वर्षानुवर्षं डॉलरला पंचवीसच्या आसपास बाट मिळत. १९९८च्या जानेवारीत तोच डॉलर छप्पन्न बाटांच्या घरात गेला. बँका कोसळल्या, बांधकामं अर्धवट राहिली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या दिवसांत जो पर्यटक १ जुलैला सगळे डॉलर बदलून मोकळा झाला असेल, त्याने खिडक्या नीट तपासल्याच असतील, हिरवं-नारिंगी सगळं बघितलं असेल, दहा सतांग वाचवलेही असतील.

बाट हातात आले की दुसरा अध्याय, गुणाकाराचा. प्रत्येक वस्तूला अडीचने गुणायचं. रस्त्यावरचं शहाळं साठ बाट. "दीडशे रुपये! शहाळ्याला!" कोकणात माहेर असलेल्या बाईला हा आकडा सहन होण्यासारखा नसतो. ती पाणी पिते, पण मलई खरवडून खरवडून वसूल करते. हजाराची नोट कुणी मोडून देत नाही, म्हणून सेव्हन-इलेव्हनमध्ये जाऊन दहा बाटांची पाण्याची बाटली घ्यायची आणि नऊशे नव्वद परत घ्यायचे, ही युक्ती पहिल्याच दिवशी सगळ्यांना येते. तिसऱ्या दिवशी खोलीत बाटल्यांचा ढीग होतो. गाडीवाल्याकडे क्यूआर कोड दिसला की पुतण्या फोन काढतो, पण तो कोड त्यांच्या देशी पेमेंट-व्यवस्थेचा, प्रॉम्प्टपेचा असतो. नोटेवर राजाचं चित्र असतं, ती खाली पडली तर पायाने अडवायची नाही, तो अपमान समजतात. याबाबतीत आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. नोटेला पाय लागला तर आपण ती उचलून कपाळाला लावतो. हे पाहून प्रतुनामची एक विक्रेती बाई इतकी खूष झालेली मी पाहिली आहे की तिने पिशवीवर वीस बाट सोडले. सबंध सहलीतला सर्वात चांगला भाव तोच असावा.

शेवटच्या दिवशी उलटं संकट: उरलेले बाट. ते परत डॉलर करायचे तर दुसरा रकाना आपली वाट बघत असतो, आणि सतांगांची नाणी तर कुणीच घेत नाही. मग विमानतळावर सुक्या आंब्याची पाकिटं घेतली जातात. ती घरी कुणी खात नाही.

म्हणून जाणाऱ्यांना एवढंच सांगणं. घरूनच शंभर-शंभरच्या कोऱ्या नोटा घ्या, घडी घालू नका, पासपोर्ट स्वतःच्या खिशात ठेवा. सुवर्णभूमीला उतरलात की वरच्या खिडक्यांशी गप्पा न मारता लिफ्टमध्ये 'बी' दाबा. रात्री-अपरात्री खालची दुकानं बंद मिळाली तर वर टॅक्सीपुरते वीस डॉलर बदला आणि कुरकुर करू नका. खाली दोनतीन पाट्या बघा, जास्त देईल त्याच्याकडे लागतील तेवढे एकदाच बदला. आणि त्यानंतर परत येईपर्यंत कुठल्याही पाटीकडे मान वर करून बघायचं नाही. कुणी "तुम्हाला किती मिळाला?" असं विचारलंच, तर त्याच्यापेक्षा दहा सतांग कमी सांगा, त्याची सहल चांगली होईल.